गुहेतला दुसरा दिवा

गुहांमध्ये उतरणाऱ्या मंडळींचा एक जुना नियम आहे: माणशी उजेडाची तीन साधनं. तुकडीत मिळून तीन नव्हेत, प्रत्येकाची स्वतःची तीन, आणि एक बंद पडलं तर दुसऱ्यावर त्याचा परिणाम होऊ नये अशी. पाण्याने भरलेल्या गुहांत बुडी मारणारे पाणबुडेही माणशी तीन दिवे नेतात. नियम सगळ्यांना पाठ असतो, पण सामान बांधताना होतं काय? मुख्य हेडटॉर्च चार जणांना विचारून, पारखून, चांगले पैसे मोजून घेतली जाते. दुसरा दिवा म्हणून घरातली जुनी टॉर्च सॅकमध्ये जाते आणि तिसरा म्हणून मोबाइल मोजला जातो. आकडा तीन भरला की काम झालं. डिकीत स्टेपनी आहे, पण तिच्यात हवा आहे का हे कुणी पाहिलेलं नाही, असा हा प्रकार.

राखीव दिव्याची माझ्या लेखी एकच कसोटी आहे. मुख्य दिवा गुहेच्या अगदी आतल्या टोकाला बंद पडला, तरी या एका दिव्यावर, दोन्ही हात मोकळे ठेवून, गुहेच्या तोंडापर्यंत परत येता आलं पाहिजे. नुसता धीर देणारा उजेड पुरत नाही.

महाराष्ट्रात डोंगर चढायला शिकलेल्या माणसाला ही कसोटी फार कडक वाटेल. आपला सह्याद्री बेसॉल्टचा. पावसाचं पाणी चुनखडकाला विरघळवत मैलोन्‌मैल पोकळ्या कोरतं, तसं या दगडात घडत नाही. आपल्या ओळखीच्या गुहा म्हणजे लेणी, नाहीतर गडावरच्या कपारी. तिथे मागे वळून पाहिलं की दारातला उजेड दिसतो. रात्रीच्या ट्रेकला टॉर्च गेली तरी चांदणं असतं, खालच्या गावातले दिवे असतात. वीस-तीस मिनिटांत डोळे सरावतात आणि वाट अंधूक का होईना दिसू लागते. पण डोळे सरावायलाही थोडा तरी प्रकाश लागतो. खऱ्या गुहेत दोन-तीन वळणं ओलांडली की प्रकाशाचा कणही पोचत नाही, आणि तिथे तासभर बसलं तरी काही दिसू लागत नाही.

उलट फसगत होते. त्या अंधारात चेहऱ्यासमोर हात हलवला तर तो हलताना दिसल्यासारखा वाटतो. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातले डुजे टाडिन आणि त्यांचे सहकारी यांनी २०१३ साली यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत निदान निम्म्या लोकांना हा भास झाला. आपला हात कुठे आहे हे मेंदूला आधीच ठाऊक असतं, त्यावरून तो चित्र रचतो. पुढ्यातला खड्डा कुठे आहे हे त्याला ठाऊक नसतं, म्हणून खड्ड्याचं चित्र तो रचू शकत नाही. ‘मला थोडंथोडं दिसतंय’ असं म्हणत अंधारात चार पावलं टाकणारा माणूस या भासावर चालत असतो.

दिवा गेल्यावर काय होऊ शकतं, याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या केंटकी राज्यातलं आहे. ३० जानेवारी १९२५ रोजी फ्लॉइड कॉलिन्स हा गुहांमध्ये मुरलेला माणूस सँड केव्ह नावाच्या अरुंद भुयारात एकटाच उतरला. दिवा मंदावू लागला म्हणून तो घाईने परत फिरला. सरपटत येताना धक्का लागून दिवा पडला आणि विझला. अंधारात पाय रेटताना एक दगड निसटून त्याच्या डाव्या पायावर बसला. दगड जेमतेम बारा किलोचा होता, पण भुयार इतकं चिंचोळं की कॉलिन्सला हात मागे नेता येईना. तोंडापासून तो सुमारे पंचेचाळीस मीटरच आत होता. लोक त्याच्यापर्यंत पोचत होते, बोलत होते, खायला देत होते. पुढे वाटेतच भुयार ढासळलं. बचावपथक शेजारून नवा खड्डा खणून पोचलं तोवर दोन आठवड्यांहून जास्त काळ लोटला होता आणि कॉलिन्सचा मृत्यू झालेला होता. साऱ्या अमेरिकेने ही बातमी रोजच्या रोज वाचली. गुहेत एकट्याने उतरू नये, हा धडा त्यातून सगळे घेतात. मला मात्र दिवा मंदावला म्हणून झालेली ती घाई अधिक महत्त्वाची वाटते. दुसरा भरवशाचा दिवा डोक्यावर असता तर घाई करायचं कारणच उरलं नसतं.

आज आपल्याकडून गुहा पाहायला निघणाऱ्यांपैकी काही जण बस्तरमधल्या कोटमसरला जातात. पण ज्यांना खरंच तासन्‌तास जमिनीखाली राहायचं असतं त्यांची वाट मेघालयाकडे जाते. तिथे १९९२ पासून स्थानिक आणि परदेशी गुहा-अभ्यासक मिळून दरवर्षी हिवाळ्याच्या अखेरीस मोहिमा काढत आले आहेत आणि शेकडो किलोमीटर गुहांचे नकाशे तयार झाले आहेत. जैंतिया टेकड्यांमधली क्रेम लियात प्राह ही गुहा तीस किलोमीटरहून लांब आहे. मॉसिनरामजवळची क्रेम पुरी वालुकाश्मात कोरलेली आहे आणि तिची लांबी साडेचोवीस किलोमीटर भरते. या गुहांतून ओढे-नद्या वाहतात. कुठे कमरेएवढ्या पाण्यातून चालायचं, कुठे पोहायचं, मग दगडांच्या राशीवर चढायचं, पुढे पोटावर सरपटायचं. हातमोजे चिखलाने माखलेले, सॅक भिजलेली, अंग गारठलेलं. दिवा निवडताना दुकानातलं काउंटर विसरून हे चित्र डोळ्यांसमोर ठेवावं.

दुकानात नजर सगळ्यात आधी ल्युमेनच्या आकड्यावर जाते. हजार ल्युमेन, दोन हजार ल्युमेन. राखीव दिव्यासाठी हा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. चिखलाच्या काळपट भिंतींमध्ये सावकाश पावलं टाकत बाहेर यायला तीस ते पन्नास ल्युमेन पुरतात. मोठ्या दालनात पलीकडचं भोक शोधायला शंभर-दीडशे लागतात, पण ते मिनिटा-दोन मिनिटांपुरते. जेवायला थांबलं किंवा कुणाची वाट पाहत बसलं तर पाच ल्युमेनही भरपूर होतात. म्हणून ‘तीस ल्युमेनवर किती तास?’ हा प्रश्न विचारावा.

त्याचं उत्तर खोक्यावर सहसा मिळत नाही, पण घरी काढता येतं. चांगल्या प्रतीचा एलईडी, आतल्या सर्किटमधली गळती धरूनही, एका वॉटमध्ये साधारण शंभर ल्युमेन देतो. म्हणजे तीस ल्युमेनला ०.३ वॉट. आता बॅटऱ्यांकडे पाहू. नेहमीच्या वापरातला अल्कलाइन पेन्सिल सेल, ज्यावर एए लिहिलेलं असतं, त्यात अशा वापराला अडीच ते तीन वॉट-तास ऊर्जा मिळते. असे तीन सेल घालायचा दिवा पंचवीस तासांच्या आसपास चालेल. त्याहून बारीक एएए सेलमध्ये जेमतेम सव्वा वॉट-तास. तीन घातले तरी बारा तास. १८६५० नावाची लिथियम-आयन बॅटरी अठरा मिलिमीटर जाडीची आणि पासष्ट मिलिमीटर लांबीची असते, नाव त्या मापांवरूनच पडलं. त्या एकटीत दहा-अकरा वॉट-तास, म्हणजे पस्तीस तासांचा उजेड. आणि नाण्याएवढ्या बटण सेलांवर चालणारा इवलासा दिवा? एका सीआर-२०३२ सेलमध्ये ०.६ वॉट-तास. दोन घातले तर कागदावर चार तास निघतात, पण या सेलातून इतका प्रवाह नीट ओढताच येत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात तेवढंही मिळत नाही. फ्रान्सच्या पेट्झल कंपनीचा ई-प्लस-लाइट या जातीचा आहे. सेल आत ठेवून दहा वर्षं पडून राहिला तरी तो पेटेल अशी त्याची रचना आहे आणि वजन तीस ग्रॅमच्या आत. तिसरा दिवा म्हणून तो गळ्यात असावा, असं मी आनंदाने म्हणेन. त्याच्या उजेडात मुख्य दिव्याची बॅटरी बदलता येते. पण दुसऱ्या दिव्याची जागा त्याला देऊ नये.

खोक्यावर तासांचा आकडा छापलेला असतोच, पण तो कसा मोजतात हे कळलं की त्याचा अर्थ बदलतो. टॉर्चसाठी २००९ पासून एफएल-१ नावाचं अमेरिकन मानक वापरात आहे. त्यात दिवा सुरू केल्यावर तीस सेकंदांनी उजेड मोजतात आणि तो त्याच्या दहा टक्क्यांवर उतरेपर्यंतचा काळ ‘चालण्याचा वेळ’ म्हणून लिहितात. चारशे ल्युमेनचा दिवा तीन-चार मिनिटांत तापून दीडशेवर आला, मग चाळीसपर्यंत उतरत गेला, तरी तो सगळा काळ हिशेबात धरला जातो. प्रकाश किती मीटर पोचतो हा आकडाही तसाच: पौर्णिमेच्या चांदण्याइतका, म्हणजे ०.२५ लक्स प्रकाश जिथे उरतो तिथपर्यंतचं अंतर. मानक चुकीचं नाही, त्यामुळे निदान दोन दिव्यांची तुलना करता येते. पण घेतलेला दिवा एकदा नवे सेल घालून, अंधाऱ्या खोलीत, मधल्या पायरीवर लावून ठेवावा आणि दर तासाला डोकावून पाहावं. त्या एका रात्रीत खोक्यापेक्षा जास्त समजतं.

त्या रात्री आणखी एक गोष्ट कळते, ती म्हणजे दिवा विझतो कसा. पूर्वी गुहांमध्ये उतरणारे लोक कार्बाइडचे दिवे वापरत. फ्रेडरिक बाल्डविनने १९०० साली सायकलसाठी अशा दिव्याचं पेटंट घेतलं, तिथून तो खाणीत आणि गुहेत गेला. आंबे चोरून पिकवायला वापरतात तेच हे कार्बाइड. त्यावर थेंब थेंब पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू निघतो आणि तो जळतो. गुहेच्या छतावर काजळी धरायची, उरलेला चुन्याचा लगदा लोक तिथेच टाकून यायचे. गुहांचं त्याने नुकसान झालं. पण त्याची ज्योत संपण्याआधी आखूड व्हायची, आणि भरणा संपत आला हे कळायचं. पुढच्या काळातला बल्बही पिवळा पडत पडत विझायचा. आजच्या चांगल्या एलईडी दिव्यात उजेड शेवटपर्यंत एकसारखा ठेवणारं सर्किट असतं आणि लिथियम-आयन बॅटरीत ती प्रमाणाबाहेर रिकामी होऊ नये म्हणून वीज तोडणारं दुसरं. दोन्ही गोष्टी उत्तम, पण दोन्ही एकत्र आल्या की दिवा लख्ख असतानाच एका क्षणात बंद होतो. मुख्य दिव्यात हे चालवून घ्यावं. राखीव दिवा मात्र हळूहळू मंदावणारा असावा, किंवा त्याने शेवटचे तास अगदी कमी उजेडावर तरी काढावेत. अल्कलाइन सेलवर चालणारे बरेच साधे दिवे असेच मंदावतात. एरवी हा दोष मानतात, राखीव दिव्यात मला तो गुण वाटतो.

म्हणूनच मी मुख्य दिवा लिथियम-आयनवर आणि राखीव दिवा पेन्सिल सेलवर, या जोडीच्या बाजूने आहे. दोन्ही एकाच जातीचे असले की दोघांचा घातही एकाच कारणाने होऊ शकतो. मुक्कामाच्या गावी रात्री वीज नव्हती तर चार्जिंगचे दोन्ही दिवे सकाळी अर्धवट भरलेले मिळतात. पेन्सिल सेल शिलाँगच्या किंवा जोवाईच्या बाजारात कुठेही मिळतात, आणि सोबत्याकडून उसने घेता येतात. मुंबई-पुण्याहून गुवाहाटीला विमानाने जाताना सुटे लिथियम सेल केबिनमधल्या बॅगेत ठेवावे लागतात, चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत. अल्कलाइनच्या बाबतीत ती कटकट नाही. चार्ज होणारे निकेल-मेटल-हायड्राइड सेलही चालतील, पण साठवणीत चार्ज टिकवणाऱ्या जातीचेच घ्यावेत. जुन्या जातीचे काही आठवड्यांत आपोआप रिकामे होतात. दीड व्होल्टचे, पुन्हा चार्ज न होणारे लिथियम सेल वजनाला हलके, न गळणारे आणि वर्षानुवर्षं टिकणारे असतात. फक्त ते शेवटपर्यंत एकसारखे चालून एकदम संपतात आणि आपल्याकडे महाग पडतात. एक धोका मात्र नीट लक्षात ठेवावा. १४५०० नावाची लिथियम-आयन बॅटरी पेन्सिल सेलच्याच मापाची असते, तशीच दिसते, पण तिचा दाब ३.७ व्होल्टचा. त्यासाठी न बनवलेल्या दिव्यात ती घातली तर दिवा जळू शकतो.

बॅटरी आतच बसवून सीलबंद केलेले, फक्त केबलने चार्ज होणारे दिवे हल्ली स्वस्तात मिळतात. गुहेत त्यांची बॅटरी बदलता येत नाही, आणि चार्जिंगच्या भोकावरचं रबरी बूच चिखलाने उघडतं. ते राखीव म्हणून घेऊच नयेत.

पाण्याचं गणित सोपं आहे. आयपीएक्स-४ म्हणजे शिंतोडे सोसणारा. आयपीएक्स-७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरणारा. आयपीएक्स-८ त्याहून खोल, किती ते कंपनी सांगते. पोहावं लागणाऱ्या गुहेत सातच्या खाली जाऊ नये. पण हा आकडा नव्या दिव्याचा असतो. झाकणाच्या आट्यांवरची रबरी रिंग कोरडी पडली, तिच्यावर रेतीचा कण बसला, की आकड्याला अर्थ उरत नाही. त्या रिंगला अधूनमधून सिलिकॉनचं ग्रीस चोळावं.

आता सगळ्यात दुर्लक्षित भाग: बटण. घरात दिवे घालवून, हातात जाड मोजे चढवून, हात पाण्यात बुडवून दिवा लावून पाहा. तो सापडतो का? कुठली बाजू वर, हे बोटांना कळतं का? बटण दाबलं गेलं की नाही हे जाणवतं का? पुष्कळ दिव्यांत एकच बटण असतं आणि एकदा दाबलं तर हे, दोनदा दाबलं तर ते, धरून ठेवलं तर लुकलुक. आधीच घाबरलेल्या माणसाने ती भाषा आठवत बसायची का? राखीव दिवा एका दाबात किंवा एका पिळात लागला पाहिजे, आणि लागला की मधल्या उजेडावर. सॅकमध्ये चुकून दाबलं जाणारं बटण हा दुसरा घोर. राखीव दिवे पुष्कळदा असेच आतल्या आत जळून रिकामे होतात. नळीसारख्या टॉर्चचं झाकण पाव फेरा सैल केलं की वीजमार्ग तुटतो. पण आट्यांवर ॲनोडाइझचा थर असेल तरच, नुसत्या धातूच्या आट्यांमधून वीज वाहत राहते. घेतानाच सैल करून बटण दाबून पाहावं.

हेल्मेटवर बसणं ही अट मी कधीच सोडणार नाही. हातातली टॉर्च घेऊन दोरावर चढता येत नाही, सरपटता येत नाही, आणि तोंडात धरली तर सोबत्याला हाक मारता येत नाही. पट्ट्याची हेडटॉर्च असेल तर पट्टा हेल्मेटवरून घसरू नये म्हणून क्लिपा हव्यात. नळीसारखी छोटी टॉर्च हेल्मेटच्या बाजूला खोबणीत पक्की करणं मला अधिक आवडतं. तिथे ती कायम हाताशी असते, शोधावी लागत नाही. सॅकच्या तळाशी, कोरड्या पिशवीत, जेवणाच्या डब्याखाली ठेवलेला दिवा अंधारात नसल्यात जमा. तिसरा दिवा गळ्यात दोरीने, कपड्यांच्या आत. सॅकमध्ये सुटे सेल न्यावेत, तेही जोड्या बांधून, म्हणजे नवे-जुने मिसळणार नाहीत.

तरी तिसरी टॉर्च हातात धरायची असेल तर तिचा एक वेगळा फायदा आहे. डोक्यावरचा दिवा डोळ्यांच्या अगदी जवळ असल्यामुळे त्याच्या उजेडात सावल्या पडलेल्या दिसत नाहीत. खड्डा आणि ओला डाग सारखेच वाटतात. गारव्यात आपल्याच श्वासाची वाफ समोर पांढरी भिंत उभी करते. अशा वेळी टॉर्च कमरेच्या उंचीवर धरली की प्रत्येक दगडाला सावली मिळते आणि जमिनीचा चढउतार लगेच उमजतो. आमच्यातले जाणते लोक अवघड उतारावर मुख्य दिवा चालू असतानाही हे करतात.

मोबाइल मोजू नये. तो ओला झाला की स्क्रीन बोटांचं ऐकत नाही, आणि फोन डोक्यावर बांधता येत नाही. मेणबत्ती एके काळी तिसरं साधन म्हणून मान्य होती. तिच्यावर चालत बाहेर येणं कठीण, पण मदतीची वाट पाहत बसावं लागलं तर मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत बसून, डोकं आणि श्वासाची वाट मोकळी ठेवून, मांडीजवळ लावलेली मेणबत्ती अंगाला ऊब देते. म्हणून काही जण अजूनही ती नेतात. उजेडाच्या हिशेबात मात्र धरत नाहीत. वाकवली की चमकणारी रासायनिक कांडी खुणेसाठी ठीक.

दिवा गेला तर पहिली गोष्ट म्हणजे जिथे आहोत तिथेच थांबणं आणि सोबत्यांना सांगणं. मग राखीव दिवा लावायचा, आणि त्याच्या उजेडात मुख्य दिव्याची बॅटरी बदलायची. बॅटरी बदलूनही तो लागला नाही, तर कुणाही एकाचा मुख्य दिवा गेला म्हणून सगळ्या तुकडीने परत फिरायचं. पुढे फार सुंदर दालन आहे, फक्त अर्ध्या तासाचा रस्ता आहे, असं कुणीतरी म्हणतंच. तिथे नेत्याने ठाम राहावं. ज्याचा मुख्य दिवा गेला तो आता दुसऱ्या दिव्यावर चालतोय, आणि परतीच्या वाटेवर त्याच्याकडे फक्त तिसराच शिल्लक आहे.

परत आल्यावर दिवा गोड्या पाण्याने धुऊन, झाकण उघडून वाळवावा. अल्कलाइन सेल आत ठेवून पावसाळा काढू नये. ते गळतात आणि आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड स्प्रिंग खाऊन टाकतं. सेल काढून त्यांच्यावर पेनाने तारीख घालावी. पुढच्या मोहिमेला राखीव दिव्यात कोरे सेल घालावेत आणि हे जुने भिंतीवरच्या घड्याळात, रिमोटमध्ये संपवावेत.